पुण्यातल्या अफगाण कुटुंबाला आश्रय हवा आहे: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, व्हिसाचं काय?

कक्ष_पुणे

नमस्कार. महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाकडे एक प्रकरण आलंय. अर्धवट माहितीवर सल्ला द्यायचा नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

विद्यार्थी अफगाणिस्तानचा, हजारा समाजातला, शिया. एम.एस्सी.चा शेवटचा निकाल लागला. विद्यार्थी व्हिसाला अजून दोन महिने आहेत, पासपोर्टला पाच. बायको आणि सहा वर्षांचा मुलगा इथेच सोबत आहेत, बायकोला सातवा महिना चालू आहे. वडील २०२१ पर्यंत परदेशी निधीवर चालणाऱ्या शिक्षण प्रकल्पात काम करायचे. त्यांच्या घरी चौकशीला माणसं येऊन गेली. परत गेलो तर धरपकड होईल, असं विद्यार्थ्याचं म्हणणं आहे.

प्रश्न असे: आश्रयाचा अर्ज पोलिसांकडे करायचा की दिल्लीला? अर्ज केल्यावर व्हिसा संपला तरी चालतं का? कुणीतरी त्याला सांगितलं की सीएएखाली, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली, नागरिकत्व मिळतं, ते खरं का? आणि जूनमध्ये मुलाला शाळेत घालायचं तर कोणते कागद मागतील?

सनद

आधी चौकट. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर किंवा १९६७च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत हे कुटुंब 'परदेशी नागरिक' आहे, बस्स. त्यामुळे ब्रिटन किंवा जर्मनीसारखं सरकारी आश्रय कार्यालय इथे शोधू नका.

इथे दोन वाटा समांतर चालतात. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ निर्वासितांचं भारत सरकार स्वतः बघतं. अफगाण, म्यानमार, सोमालिया, सुदान, येमेन वगैरे देशांतल्या लोकांची नोंदणी आणि निर्वासित दर्जाचा निर्णय संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, दिल्लीतल्या कार्यालयातून करते. ही झाली पहिली वाट. दुसरी वाट राहण्याच्या परवानगीची: व्हिसा, त्याची मुदतवाढ, एलटीव्ही म्हणजे दीर्घ मुदतीचा व्हिसा. ती पूर्णपणे गृह मंत्रालयाच्या हातात असते आणि पुण्यात तिचं दार म्हणजे पोलीस आयुक्तालयातला परदेशी नागरिक नोंदणी विभाग.

यूएनएचसीआरचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. ते दाखवल्यावर पोलिसांनी या माणसाचा जिवाचा प्रश्न लक्षात घ्यावा, त्याला परत पाठवू नये, अशी अपेक्षा असते आणि बऱ्याचदा ते उपयोगी पडतं. पण व्हिसा संपल्यावर 'कार्ड आहे ना' म्हणून स्वस्थ बसलेला माणूस कायद्याने मुदत ओलांडलेला परदेशी ठरतो. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्टमध्ये त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड आहे. पासपोर्ट-व्हिसाशिवाय प्रवेश केला तर ५ वर्षं आणि ५ लाखांपर्यंत. १९४६चा जुना फॉरेनर्स ॲक्ट आता रद्द झालाय, हे सल्लागारांनी लक्षात ठेवावं. अजूनही अनेक अर्जांत जुनीच कलमं टाकलेली दिसतात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे आत्ताच. दोन महिने हातात आहेत ही चांगली गोष्ट आहे.

सीएएबद्दल: नाही. २०१९ची दुरुस्ती अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान इथल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन या सहा समाजांपुरती आहे, तीही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्यांसाठी. शिया हजारा त्यात बसत नाही. हा सल्ला ज्याने दिला त्याने पैसे मागितले असतील तर त्या विद्यार्थ्याला तिथून ताबडतोब बाहेर काढा.

दुभाषी

यूएनएचसीआरकडच्या अर्जाबद्दल लिहितो, कारण तिथे होणाऱ्या चुका नंतर दुरुस्त करायला फार जड जातं.

नोंदणीची विनंती कशी पाठवायची ते यूएनएचसीआरच्या भारतासाठीच्या मदत संकेतस्थळावर दिलंय. ते दारीमध्येही, म्हणजे अफगाण फारसीत, वाचता येतं. कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, नातं पहिल्याच वेळी द्यायचं. अफगाणिस्तानात किंवा इराणमध्ये राहिलेले आई-वडील, अविवाहित भावंडं हेसुद्धा घरच्यांच्या यादीत लिहायचे, सोबत नसले तरी. आज न लिहिलेलं माणूस उद्या तिसऱ्या देशात पुनर्वसनाच्या वेळी 'आहे' म्हणून सांगितलं तर शंका पूर्ण फायलीवर येते. नोंदणीच्या दिवशी सगळ्यांनी जावं लागतं, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बायकोला सातवा महिना आहे, तेव्हा ते विनंतीतच ठळक लिहा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. दिल्लीच्या प्रवासाची तारीख ठरवताना त्याचा उपयोग होईल.

नोंदणी झाली म्हणजे तो आश्रयार्थी झाला, निर्वासित नाही. निर्वासित दर्जासाठी वेगळी सविस्तर मुलाखत होते. तिला कित्येक महिने लागतात, कधी त्याहून जास्त. मुलाखतीची तारीख फोनवर किंवा ईमेलवर कळते. सिम बदललं, नंबर कळवला नाही, मुलाखत चुकली, फाईल बंद झाली, असं सर्रास होतं. फोन बदलला की त्याच आठवड्यात कळवायचं. पत्ता बदलला तरी तसंच.

मुलाखतीत तपासतात ते हे: या माणसाला परतल्यावर छळाची रास्त भीती आहे का, आणि ती वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाशी जोडलेली आहे का. 'तिकडे परिस्थिती वाईट आहे' एवढं पुरत नाही. हजारा आणि शिया असणं, वडिलांचं काम आणि त्यामुळे विद्यार्थ्यावर लादलं जाणारं राजकीय मत, हे तीन धागे वेगवेगळे मांडायचे. बायकोची बाजू तर स्वतंत्र आहे. तिचं शिक्षण, तिचं काम, तिथे बायकांवर असलेली बंधनं हे सगळं तिने स्वतः सांगायचं. तिची मुलाखत वेगळी मागता येते, आणि मुलाखत घेणारी व दुभाषी बाईच हवी असंही सांगता येतं. कित्येक प्रकरणांत नवऱ्यापेक्षा बायकोचा दावा जास्त भक्कम असतो आणि तो कुणी विचारतच नाही.

तुमच्या विद्यार्थ्याने देश सोडला तो शिकायला. 'पळून आला नाहीस, मग भीती कसली?' असं विचारलं तर गडबडून जाऊ नये. धोका माणूस बाहेर असताना तयार झाला तरी तो दावा धरला जातो. मात्र कधी, कशामुळे परिस्थिती बदलली ते तारखेनिशी सांगावं लागतं.

आणि इथेच तारखांचा घोळ होतो. २०२१ पर्यंतचे अफगाण कागद हिजरी शम्सी, म्हणजे सौर, पंचांगात असतात, वर्ष नवरोजला, म्हणजे २० किंवा २१ मार्चला सुरू होतं. नवरोजपासून डिसेंबर संपेपर्यंत त्या सनात ६२१ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या नवरोजपर्यंत ६२२. उदाहरणार्थ २४ असद १४०० म्हणजे १५ ऑगस्ट २०२१, ज्या दिवशी काबूल पडलं. जुन्या कागदी तझकिऱ्यावर, म्हणजे अफगाण ओळखपत्रावर, तर जन्मतारीखच नसते, 'सन १३९० मध्ये वय ११' एवढंच असतं. म्हणजे जन्म १३७९चा, मार्च २००० ते मार्च २००१ यांच्या मधला. पासपोर्टवर मात्र कुणीतरी सरळ १ जानेवारी २००० टाकलेली असते, आणि ती १३७८ मध्ये पडते. हा फरक आपणच आधी दाखवायचा, एका ओळीचं स्पष्टीकरण जोडायचं. समोरच्याने शोधून काढला तर तो 'विसंगती' म्हणून नोंदला जातो. आडनावाचंही तसंच. तझकिऱ्यावर स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव असतं. भारतातल्या विद्यापीठाच्या फॉर्मने वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात ढकललेलं असतं. सगळ्या कागदांवरची नावं एका तक्त्यात मांडून द्या.

घटना आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणावं. अंदाजाने तारीख ठोकू नये. 'ईदनंतर, शाळा सुरू व्हायच्या आधी' असं सांगितलं तरी चालतं. दुभाषी नीट कळत नसेल तर लगेच थांबवून सांगावं, मुलाखत संपल्यावर नाही. हजारगी, म्हणजे हजारांची बोली, बोलणाऱ्याला इराणी फारसीचा दुभाषी मिळाला तर बारीकसारीक शब्द निसटतात. शेवटी बयाण वाचून दाखवायला सांगण्याचा हक्क आहे, तो वापरावा.

मूळ कागद स्वतःकडे ठेवायचे, प्रती द्यायच्या. वडिलांचं नेमणूकपत्र, ओळखपत्र, पगाराची पावती, धमकीचे संदेश, जे असेल ते. संदेशाचे स्क्रीनशॉट देताना पाठवणाऱ्याचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ फोन विकू नका.

अर्ज नाकारला तर कारणं लेखी मिळतात आणि ३० दिवसांत अपील करता येतं. अपिलात तीच गोष्ट पुन्हा लिहून पाठवणं हा वेळेचा अपव्यय आहे. नाकारण्याच्या पत्रातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यायचं.

कक्ष_पुणे

खूप मोठी मदत झाली. मधेच एक अडचण विचारते. व्हिसा वाढवायला पासपोर्ट चालू हवा, आणि पासपोर्ट वाढवायचा तर ज्या राजवटीची भीती वाटते तिच्याच वकिलातीच्या दारात जावं लागतं. यात काय करायचं?

नोंदवही

सगळ्यांत नाजूक जागा हीच आहे. घाईत उत्तर देऊ नये.

आपल्या देशाकडून पासपोर्ट घेणं म्हणजे पुन्हा त्या देशाच्या संरक्षणाखाली जाणं, असा निर्वासित कायद्यात एक अर्थ लागतो आणि त्यावरून दर्जा काढूनही घेता येतो. पण तो अर्थ आपोआप लागत नाही. स्वखुशीने गेला का, संरक्षण मिळवण्याच्या हेतूने गेला का, आणि ते खरोखर मिळालं का, हे तिन्ही पाहतात. फक्त इथल्या यंत्रणेने मुदतवाढीसाठी मागितला म्हणून नूतनीकरण केलं असेल तर तसं सांगता येतं, पण पुरावा पाहिजे. म्हणून नोंदणी विभागाने 'चालू पासपोर्ट आणा' असं जे लेखी किंवा पोर्टलवर कळवलं असेल, त्याची प्रत जपून ठेवा. आणि वकिलातीत जाण्याआधी यूएनएचसीआरला किंवा वकिलाला विचारा, नंतर नाही. वकिलातीत नाव-पत्ता दिल्याने मागे राहिलेल्या वडिलांना त्रास होईल का, हाही विचार त्यात आला. ज्याला थेट तिकडच्या यंत्रणेने शोधलंय त्याने जाऊच नये, असं माझं मत आहे.

तुमच्या प्रकरणात पासपोर्ट अजून पाच महिने चालू आहे, म्हणजे पहिली मुदतवाढ आत्ताच्या पासपोर्टवर मागता येईल. विद्यार्थ्याला पुढे शिकायचं असेल आणि पीएच.डी. किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाला खरा प्रवेश मिळत असेल, तर त्याच्यावर विद्यार्थी व्हिसा वाढवून घेणं हा आजच्या घडीला सर्वांत पक्का आधार आहे. परदेशी नागरिक नोंदणीच्या ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. पासपोर्ट आणि व्हिसाची पानं, संस्थेचं बोनाफाईड, राहण्याचा पुरावा, खर्चाची सोय, फोटो, हे लागतं. राहण्याच्या पुराव्यात अर्ज अडकतात. भाडेकरार नोंदणीकृत नसतो किंवा घरमालकाने परदेशी भाडेकरूची माहिती, ज्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणतात ती, भरलेली नसते. ती २४ तासांत भरायची असते आणि जबाबदारी घरमालकाची असते. घरमालक घाबरत असेल तर कक्षातल्या कुणीतरी शेजारी बसून भरून द्यावी. तो फॉर्म भरल्याने त्याच्यावर काही येत नाही, न भरल्याने येतं. बायको-मुलाचे व्हिसा वेगळे असतात, त्यांची मुदतवाढ वेगळी. मुलाचा विसरला, असं नेहमी होतं.

नाममात्र प्रवेश घेऊन वर्गात न जाता व्हिसा टिकवायचा विचार कुणी सुचवला तर करू नका. संस्थेला हजेरीची आणि अभ्यासक्रम सोडल्याची माहिती कळवावी लागते.

आता एलटीव्ही. गृह मंत्रालयाने २९ डिसेंबर २०११ रोजी निर्वासित असल्याचा दावा करणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी कार्यपद्धती काढली, २०१९ मध्ये ती सुधारून पुन्हा पाठवली. तिच्यात वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व, वांशिक ओळख, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची भीती प्रथमदर्शनी दिसली तर सुरक्षा तपासणी करून राज्य सरकारने केंद्राकडे शिफारस करायची, अशी तरतूद आहे. मंजूर झाला तर व्हिसा वर्षावर्षाने, एकूण पाच वर्षांपर्यंत वाढतो, आणि खासगी क्षेत्रात नोकरी व शिक्षणाला मुभा मिळते. हा हक्क नाही, सरकारच्या मर्जीचा निर्णय आहे. अर्ज वर्षानुवर्षं पडून राहू शकतो. तरीही अर्ज द्या. साध्या कागदावर आयुक्तालयाच्या नोंदणी विभागाच्या नावे, कारणं आणि कागदांच्या प्रतींसह, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका. पोच नाहीच दिली तर त्याच दिवशी रजिस्टर्ड ए.डी.ने पाठवा. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर 'मुदत संपण्याआधी मी मागितलं होतं' हे दाखवणारा तेवढाच एक कागद हातात असतो.

विद्यार्थी व्हिसावर नोकरी चालत नाही, आणि यूएनएचसीआरच्या कार्डावरही कामाचा परवाना मिळत नाही. रोखीने काम करणारे खूप आहेत, पण पगार बुडवला तर तक्रार कुठे करणार? हे त्याला स्पष्ट सांगा.

पाटीपेन्सिल

शाळा आणि बाळंतपणाचं मी लिहिते.

शिक्षण हक्क कायदा २००९ 'प्रत्येक बालका'साठी आहे, ६ ते १४ वयासाठी, त्यात नागरिकत्वाची अट नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मधेच आला तरी वयानुसार इयत्तेत बसवायचं असतं. आधार नाही म्हणून मुख्याध्यापकांनी परत पाठवलं तर शांतपणे सांगा, की सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात शाळा प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही असं म्हटलंय. बहुतेक वेळा अडचण मुख्याध्यापकांच्या मनात नसते, संगणकावरच्या रकान्यात असते. म्हणून तोंडी भांडू नका. प्रवेशाचा लेखी अर्ज द्या, त्याला पासपोर्टची, व्हिसाची आणि यूएनएचसीआरच्या कागदाची प्रत जोडा, आणि महापालिकेच्या शिक्षण विभागात एक प्रत द्या.

पुणे महापालिकेच्या मराठी, इंग्रजी, उर्दू अशा माध्यमांच्या शाळा आहेत. दारी बोलणाऱ्या मुलाला उर्दूची लिपी ओळखीची वाटते, त्यामुळे लोक पटकन तिकडे वळवतात. पण कुटुंब पुढे कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे बघत असेल तर इंग्रजी माध्यम बरं. पालकांना दोन्ही सांगा, निवड त्यांची. मुलगा पहिलीत असेल तर पहिले एक-दोन महिने तो गप्प बसेल. मतिमंद वगैरे शिक्का मारायची घाई शाळेने करू नये, हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

बाळंतपण सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात होऊ शकतं, लसीकरण मोफत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर मात्र विसंबू नका, तिथे शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला लागतो.

जन्मनोंदणी २१ दिवसांत. हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. रुग्णालयात जन्म झाला तर नोंद रुग्णालय पाठवतं, पण आई-वडिलांची नावं कोणत्या स्पेलिंगने गेली ते तिथेच, डिस्चार्जच्या आधी, पासपोर्ट समोर धरून तपासा. ३० दिवस उलटले की जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते, वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी किंवा प्रांतांचा आदेश. बाळाचं नाव ठरलं नसेल तर नंतर घालता येतं, वर्षाच्या आत विनाशुल्क. नावासाठी नोंदणी थांबवू नका.

इथे जन्मलं म्हणून बाळ भारतीय होत नाही. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असावा लागतो आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणून जन्मदाखला हाती आला की तो तीन ठिकाणी न्यायचा: यूएनएचसीआरच्या फाईलमध्ये बाळाचं नाव चढवायला, ई-एफआरआरओवर बाळाची माहिती भरायला, आणि लसीकरणाच्या कार्डावर नाव बरोबर करून घ्यायला.

नोंदवही

आधारचा विषय निघाला म्हणून त्याला जोडून. चालू व्हिसा, चालू पासपोर्ट आणि गेल्या १२ महिन्यांत १८२ दिवसांचं वास्तव्य असेल तर परदेशी रहिवाशाला आधार मिळतं, व्हिसाच्या मुदतीपुरतं. फक्त यूएनएचसीआरच्या कार्डावर मिळत नाही. तुमच्या विद्यार्थ्याकडे आज व्हिसा आहे, आधार काढलं नसेल तर आत्ता काढता येतं का ते पाहा. बँकेचंही तसंच आहे. विद्यार्थी म्हणून उघडलेलं खातं आहे तोवर केवायसी चालू ठेवा. व्हिसा संपल्यावर बँक खातं गोठवते आणि मग शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता, घरून आलेले पैसे, सगळं अडकतं. मुदतवाढीचा अर्ज केल्यावर त्याची पोच त्याच दिवशी शाखेत द्या.

सायबर कॅफेत पाचशे-हजारात 'लोकल' आधार किंवा मतदार ओळखपत्र करून देणारे भेटतात. बनावट कागद वापरल्यास नव्या कायद्यात २ ते ७ वर्षं कैद आणि १ ते १० लाख दंड आहे. शिवाय मतदार ओळखपत्र घेतलं म्हणजे भारतीय असल्याचा खोटा दावा केला, असा त्याचा अर्थ होतो. जो निर्वासित म्हणून टिकला असता तो आरोपी होऊन बसतो.

नागपूरकर

विषय थोडा वेगळा आहे पण इथेच विचारतो. नागपूरच्या जरीपटका भागातलं एक सिंधी हिंदू कुटुंब, पाकिस्तानातून २०१६ मध्ये आलं, एलटीव्ही आहे. सप्टेंबर २०२५च्या आदेशाने भारतात आल्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ झाली, आता सीएएखाली अर्ज करा, असं त्यांना सांगितलं जातंय. बरोबर आहे का?

सनद

नाही, दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. सप्टेंबर २०२५चा आदेश सूट देणारा आहे. त्या तीन देशांतल्या सहा समाजांचे लोक ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले असतील तर पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई नको, एवढंच त्यात आहे. नागरिकत्वाची तारीख ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे, ती संसदेने केलेल्या कायद्यात आहे आणि आदेशाने बदलत नाही.

२०१६ मध्ये आलेल्यांना नेहमीची वाट आहे. भारतीय वंशाचे असतील, म्हणजे स्वतः किंवा आई-वडिलांपैकी कुणी अविभाजित भारतात जन्मलेलं असेल, तर ७ वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणीने अर्ज. सिंधी कुटुंबांत आजी-आजोबा कराची-सक्कर-शिकारपूरचे असतात, पण वंश मोजताना आई-वडिलांपर्यंतच मोजतात, आणि आजचे तरुण अर्जदार तिथे अडतात. नाहीतर देशीयकरण, म्हणजे दीर्घ वास्तव्यावर मिळणारं नागरिकत्व, त्याला अर्जाआधीचे सलग १२ महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं लागतात. २०१६च्या डिसेंबरात केंद्राने जे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांना दिले त्यांत नागपूर, मुंबई, पुणे, ठाणे होते, त्यामुळे अशा समाजांच्या अर्जांची चौकशी तिथेच होते.

दरम्यान एलटीव्हीच्या मुदतीत राहा. एलटीव्हीवर पॅन, आधार, वाहन परवाना, स्वयंरोजगार, एक एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं) बँक खातं, राहण्यासाठी एक घर आणि व्यवसायासाठी एक जागा, एवढं करता येतं. २०१४ अखेरपर्यंत आलेले नातेवाईक असतील तर त्यांनी मात्र मार्च २०२४च्या नियमांप्रमाणे ऑनलाईन अर्ज करावा. मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्टही पुरावा म्हणून चालतो. आठव्या परिशिष्टातली एक भाषा येते असं घोषणापत्र लागतं, त्यात सिंधी आहे, त्यामुळे ज्येष्ठांना त्याची धास्ती नको. छाननी टपाल अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती करते आणि शपथही तिथेच होते. बोलावल्या दिवशी मूळ कागदांसह हजर राहायचं. पुरेशी संधी देऊनही गेलं नाही तर अर्ज नाकारण्याकडे जातो.

कक्ष_पुणे

शेवटचे दोन प्रश्न. पोलिसांनी कधी उचललं तर पहिल्या तासात काय करायचं? आणि परदेशात पुनर्वसनाची आशा कितपत ठेवायला सांगायची?

सनद

पकडलं तर: २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणं आणि वकिलाला भेटू देणं हे परदेशी माणसालाही लागू आहे. कार्डाची आणि एलटीव्ही अर्जाच्या पोचेची प्रत बायकोकडे, कक्षाकडे आणि त्याच्या फोनमध्ये, तिन्हीकडे आजच ठेवा. यूएनएचसीआरला लगेच कळवा. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीतली व्यक्ती, स्त्री आणि मूल यांना उत्पन्नाची अट नाही.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. परदेशी माणसाला अटक झाली की त्याच्या वकिलातीला कळवायची पद्धत आहे. पण व्हिएन्ना करारानुसार ते त्या माणसाने मागितलं तर. निर्वासिताने पहिल्याच दिवशी लिहून द्यावं: 'माझ्या देशाच्या वकिलातीला माझी माहिती देऊ नये, मी तिथल्या छळाच्या भीतीने आश्रय मागितला आहे.' हा अर्ज मराठीत आणि इंग्रजीत टाईप करून, सही करून, आधीच तयार ठेवा. ठाण्यात बसून तो कुणी लिहीत नाही.

परत पाठवण्याचा धोका दिसला तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६खाली रिट, पुण्यासाठी मुंबईला. १९९६चा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश हा निकाल, कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, परदेशी नागरिकालाही लागू आहे असं सांगणारा, आणि २०२१चा मणिपूर उच्च न्यायालयाचा नंदिता हक्सर प्रकरणातला निकाल, ज्यात म्यानमारच्या सात जणांना यूएनएचसीआरकडे जाण्यासाठी दिल्लीला जाऊ दिलं, हे जोडा. रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवायला नकार देणारा सर्वोच्च न्यायालयाचा ८ एप्रिल २०२१चा मोहम्मद सलीमुल्ला आदेश मात्र विरुद्ध जातो. तो लपवू नका, त्यातला फरक दाखवा.

दुभाषी

पुनर्वसनाबद्दल खरं ते सांगा. जगभरातल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्काही लोकांना ते मिळत नाही. त्याला अर्ज करता येत नाही. यूएनएचसीआर आपल्या निकषांवर नावं निवडते: छळातून वाचलेले, इथे राहूनही धोक्यात असलेले, गंभीर आजारी, एकट्या बायका आणि मुलं वगैरे. ही सेवा पूर्ण मोफत आहे. 'फाईल पुढे सरकवतो' म्हणून पैसे मागणारा, मग तो दुभाषी असो की कर्मचारी, त्याची तक्रार यूएनएचसीआरकडेच करता येते आणि तक्रारीमुळे फाईलवर परिणाम होत नाही.

स्वतःहून करता येतील अशा वाटा वेगळ्या असतात. ऑस्ट्रेलियात जवळचा नातेवाईक असेल तर मानवतावादी व्हिसाच्या २०२ या उपवर्गात अर्ज होतो. अर्जदाराचा ८४२ क्रमांकाचा फॉर्म आणि तिथल्या माणसाचा ६८१, त्याला फी नाही. कॅनडात पाच नागरिकांच्या गटाने प्रायोजकत्व घ्यायची सोय होती, पण नोव्हेंबर २०२४च्या शेवटापासून तिथे नवे अर्ज घेणं थांबवलं. कुणी ती वाट आत्ता विकत असेल तर आधी कॅनडा सरकारच्या पानावर तपासा.

आणि कुठेही जायचं ठरलं तरी भारतातून निघताना ई-एफआरआरओवर एक्झिट परमिट घ्यावं लागतं. मुदत ओलांडलेली असेल तर तिथे दंड भरावा लागतो, पोलीस केस प्रलंबित असेल तर परमिट थांबतं. पासपोर्ट संपलेल्यांना ज्या देशात जायचं तो देश किंवा रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती प्रवासाचा तात्पुरता कागद देते. इथे जन्मलेल्या बाळालाही एक्झिट लागतं, आणि त्याचा जन्मदाखला नसेल तर अख्खं कुटुंब त्याच्यासाठी थांबतं.

कक्ष_पुणे

उद्या मुदतवाढीचा अर्ज भरायला बसतोय, बायको आणि मुलाचा स्वतंत्र. तारखांचा आणि नावांचा तक्ता आधी करून घेते. दारीतला वकिलातीविषयीच्या अर्जाचा मसुदा कुणी तपासून देऊ शकेल का?

दुभाषी

पाठवा. मराठी आणि इंग्रजी मजकूरही त्याच पानावर असू द्या, आणि नाव तझकिऱ्यावर आहे तसं तसंच्या तसं लिहा.